इंजिनाची ठोकठोक, एसीचा गारवा आणि थॉमस मिजली

बारा-पंधरा वर्षे पळालेली गाडी गॅरेजमध्ये जाते, तेव्हा तक्रारी बहुधा दोन असतात. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असतो आणि एसी नुसता वारा फेकत असतो, गारवा देत नाही. मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो. पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे उमटतात, उदाहरणार्थ पी ०३२५ किंवा पी ०४२०. मग बॉनेट उघडून तो एसीच्या नळ्यांना निळा आणि लाल असे दोन गेज लावतो आणि गॅसचा दाब पाहतो.

पी ०३२५ चा अर्थ असा, की नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये काहीतरी बिघडले आहे. हा सेन्सर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला कान. त्यातल्या स्फटिकावर हादरा बसला की वीज निर्माण होते आणि सिलिंडर ठोकू लागल्याचे गाडीच्या संगणकाला कळते. पी ०४२० सांगतो, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर हवा तेवढा साफ करत नाही. यातला कोणताही कोड गुन्हेगाराचे नाव सांगत नाही, तो फक्त साक्षीदाराचा जबाब असतो. पहिल्यात सेन्सर ठणठणीत असतो आणि उंदराने वायर कुरतडलेली असते. दुसऱ्यात कन्व्हर्टर ठीक असतो आणि सायलेन्सरच्या नळीला भोक पडलेले असते, किंवा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झालेला असतो. कोड वाचून थेट पार्ट बदलणारा मेकॅनिक महागात पडतो तो यामुळेच. एसीचेही तसेच. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरला, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच फेरी. आणि कित्येकदा गॅस पुरेसा असतो, पण कंडेन्सर धुळीने बुजलेला असतो किंवा पंखा फिरत नसतो.

नॉक सेन्सर, कन्व्हर्टर आणि एसीतला गॅस या तिन्ही गोष्टी आज ज्या रूपात आहेत, त्यामागे एका अमेरिकन इंजिनिअरचे काम आहे. काहींमागे त्याचे यश आहे, काहींमागे त्याने करून ठेवलेले निस्तरण्याची धडपड. त्याचे नाव थॉमस मिजली.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्स गावचा. वडीलही शोध लावण्यात रमणारे, टायरच्या धंद्यातले. बालपण ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये गेले. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. पुढे ज्या शास्त्रात त्याला जगभर मान मिळाला, त्या रसायनशास्त्राची पदवी त्याच्याकडे नव्हती. १९१६ मध्ये तो डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. हँडल न मारता बटणावर गाडी सुरू करणारा इलेक्ट्रिक स्टार्टर ज्यांनी बनवला, तेच हे केटरिंग.

केटरिंग तेव्हा एका आरोपाने त्रासले होते. नव्या गाड्यांची इंजिने चढावर, भाराखाली ठोकू लागत. सिलिंडरमध्ये कोणी हातोडी मारतो आहे असा आवाज येई, ताकद कमी होई आणि फार दिवस तसेच चालवले तर पिस्टन फुटत. लोकांनी खापर फोडले केटरिंग यांच्या बॅटरीवरच्या इग्निशनवर. स्टार्टर आला आणि आवाज सुरू झाला, म्हणजे दोष त्याचाच, असा सरळ हिशेब होता. केटरिंग यांनी हे प्रकरण मिजलीकडे सोपवले.

त्याने केलेले निदान आजही गॅरेजमध्ये शिकवावे असे आहे. त्याने पार्ट बदलत बसण्याऐवजी सिलिंडरच्या आत काय घडते ते पाहायचे ठरवले. दाबाबरोबर हलणारा छोटा आरसा, त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा किरण आणि फिरणारी फोटोची फिल्म अशी जुळणी त्याने केली. फिल्मवर उमटलेल्या रेषेने आरोप खोटा ठरवला. ठिणगी वेळेवर पडत होती. दाबाचा उंच, टोकदार सुळका ठिणगीनंतर उमटत होता. म्हणजे ज्योत सिलिंडरमध्ये पसरत असताना दूरच्या कोपऱ्यात उरलेले इंधन दाबाने आणि उष्णतेने आपोआपच एकदम भडकत होते. दोष इग्निशनचा नव्हता, इंधनाचा होता.

मग इंधनाला औषध काय द्यायचे? इथे एक गमतीदार वळण आहे. रॉकेल पेट्रोलपेक्षा जास्त ठोकते हे दोघांना ठाऊक होते. अमेरिकेत बर्फातही फुलणारी, लालसर पानांची एक रानवेल असते. लाल रंग उष्णता जास्त शोषतो म्हणून ती लवकर फुलत असेल, तर रॉकेल लाल रंगवले की ते लवकर वाफेत जाईल आणि ठोकणार नाही, अशी कल्पना निघाली. मिजली रंग आणायला गेला. तेलात विरघळणारा रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन घातले आणि ठोकणे थांबले! पुढे त्याने खरे लाल रंग आणून पाहिले तेव्हा एकाचाही उपयोग झाला नाही. रंगाची कल्पना साफ चुकीची होती, गुण आयोडीनचा होता. चुकीच्या तर्काने बरोबर दारावर टकटक झाली, असे विज्ञानात अधूनमधून होते. मात्र दुसरा रंग घालून तर्क तपासण्याचे कष्ट सगळे घेत नाहीत. मिजलीने घेतले.

आयोडीन महाग होते आणि धातू खाई. त्यानंतरची पाच वर्षे शोधात गेली. अ‍ॅनिलीन झाले, सेलेनियम झाले. टेल्युरियमचा वास असा, की अंगाला लागला तर आंघोळ करूनही जात नसे. शेवटी मूलद्रव्यांच्या तक्त्यात गुण कोणत्या दिशेने वाढतो ते पाहत शोध खाली सरकत गेला आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या द्रवाची पाळी आली. एका गॅलन पेट्रोलला जेमतेम ३ घनसेंटीमीटर पुरे, आणि इंजिन शांत. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमधल्या एका पंपावर हे पेट्रोल प्रथम विकले गेले. त्याला नाव दिले ‘एथिल’. नावातून लेड, म्हणजे शिसे, बाहेरच ठेवले होते.

हे नाव चुकून सुटले असे मानणे मला जड जाते. शिसे विषारी आहे हे रोमन काळापासून माहीत होते आणि टेट्राएथिल लेड हा पदार्थ १९ व्या शतकातच बनलेला असल्याने त्याचे धोकेही रसायनशास्त्रज्ञांना अपरिचित नव्हते. तो कातडीतून आणि श्वासातून आत जातो आणि थेट मेंदूवर चाल करतो. खुद्द मिजलीला १९२३ च्या सुरुवातीला शिशाची बाधा झाली. अनेक आठवडे काम सोडून त्याला फ्लोरिडाच्या मोकळ्या हवेत राहावे लागले. त्याच्या शरीराने स्वच्छ शब्दांत फॉल्ट कोड दिला होता. तो बरा होऊन परतला आणि काम पुढे सुरू झाले.

पर्याय नव्हता असेही नाही. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळले तरी ठोकणे कमी होते, हे मिजली आणि केटरिंग जाणून होते. मिजलीने ते स्वतः तपासले होते. पण अल्कोहोल बरेच घालावे लागते आणि ते कोणीही शेतमालापासून गाळू शकतो. शिशाचे थेंब पुरत आणि त्याच्यावर पेटंटची मालकी होती. आज आपल्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यातले बरेचसे उसापासून येते. त्याच्या मायलेजवरून वाद आहेत, पण ठोकणे रोखण्याचा त्याचा गुण शंभर वर्षांपूर्वीच नोंदलेला आहे.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात टेट्राएथिल लेड बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. काही जण हवेत नसलेले किडे हाकलत, काहींना आवरायला बांधून ठेवावे लागले. काही दिवसांतच पाच जण मेले आणि तीसहून जास्त रुग्णालयात पडले. वर्तमानपत्रांनी त्याला वेड लावणारा गॅस म्हटले. न्यूयॉर्कसह काही शहरांनी विक्रीवर बंदी घातली. ३० ऑक्टोबरला मिजली पत्रकारांसमोर उभा राहिला, त्याने तो द्रव हातांवर चोळला आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली. रोज असे केले तरी आपल्याला काही होणार नाही, असा त्याचा दावा होता. दीड वर्षापूर्वी आपण कशाने आजारी पडलो होतो हे त्याला ठाऊक होते, हे लक्षात घेतले तर त्या मिनिटाचे वर्णन वाचवत नाही.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. कामगारांच्या आजारांवर आयुष्य वेचलेल्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी शिशाला ठाम विरोध केला. त्यांचा मुद्दा असा होता, की कारखान्याच्या भिंतींच्या आत काळजी घेता येईल, पण रस्त्यावर धुरातून पसरणाऱ्या शिशाला आवर कोण घालणार? एक समिती नेमली गेली. तिला काही महिने मिळाले आणि तेवढ्यात गॅरेजमधले आणि पंपांवरचे कामगार आजारी पडताना दिसले नाहीत. जानेवारी १९२६ मध्ये समितीने बंदीला आधार नसल्याचे सांगितले, मात्र दीर्घकाळ अभ्यास चालू ठेवावा असेही बजावले. विक्री पुन्हा सुरू झाली. पुढची चाळीस वर्षे हा अभ्यास मुख्यतः त्याच उद्योगाच्या पैशावर चालला.

मिजलीच्या दुसऱ्या कामाची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती लिहिताना माझी लेखणी जरा मऊ होते.

१९२० च्या दशकात घरगुती फ्रिज म्हणजे स्वयंपाकघरातला धोका होता. त्यात सल्फर डायऑक्साइड, अमोनिया किंवा मिथाइल क्लोराइड भरत. यातला कोणताही वायू गळला तर माणसे गुदमरत, आणि मिथाइल क्लोराइडच्या गळतीने झोपेत मेलेल्या कुटुंबांच्या बातम्या छापून येत. १९२८ मध्ये केटरिंग यांनी मिजलीला विषारी नसलेला, पेट न घेणारा शीतक वायू शोधायला सांगितले. मिजलीने पुन्हा मूलद्रव्यांचा तक्ता पुढे घेतला. सहकारी अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅक्नरी यांच्याबरोबर तो फ्लोरिनपाशी पोहोचला. फ्लोरिन स्वतः जहाल, पण कार्बनला एकदा घट्ट चिकटले की कोणाशी भांडत नाही, असा त्यांचा अंदाज होता. काही दिवसांतच डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन तयार झाले.

त्यासाठी अँटिमनी ट्रायफ्लुओराइडच्या पाच छोट्या बाटल्या मागवल्या होत्या. पहिल्या बाटलीतून बनवलेल्या वायूत गिनीपिग ठेवला, तो मजेत राहिला. दुसऱ्या बाटलीच्या वायूत ठेवलेला मेला. शोध घेतल्यावर कळले, की पाचपैकी चार बाटल्यांतल्या मालात ओलाव्याची भेसळ होती आणि त्यातून फॉस्जीन हा मारक वायू तयार होत होता. शुद्ध निघालेली एकमेव बाटली योगायोगाने आधी उघडली गेली होती. हात दुसरीकडे गेला असता तर कदाचित सगळा बेतच सोडून दिला असता.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने हा वायू छातीभर आत ओढला आणि जळत्या मेणबत्तीवर हळूच सोडला. मेणबत्ती विझली, मिजली हसत उभा. यावेळी नाटकात खोट नव्हती. वायू खरोखर विषारी नव्हता, खरोखर जळत नव्हता. त्याला फ्रिऑन-१२ हे नाव मिळाले, आपल्या मेकॅनिकच्या भाषेत आर-१२. फ्रिज घरोघर गेला, लसी आणि रक्त गार ठेवणे सोपे झाले. १९४० च्या पॅकार्ड मोटारीत पहिल्यांदा कारखान्यातून एसी बसवून मिळू लागला. त्याचे धूड डिकीची निम्मी जागा खाई, कॉम्प्रेसरला क्लच नव्हता आणि हिवाळ्यात तो बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. तरी आजच्या प्रत्येक कार एसीचा पणजोबा तोच.

मानसन्मान येत राहिले. १९४१ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे सर्वोच्च प्रीस्टली पदक मिळाले आणि १९४४ मध्ये तो त्या संस्थेचा अध्यक्ष झाला. पण १९४० मध्ये, ५१ व्या वर्षी, पोलिओने त्याचे पाय लुळे केले होते. अंथरुणातून उठून बसण्यासाठी त्याने दोर आणि कप्प्यांची एक यंत्रणा स्वतःच रचली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ओहायोतल्या वर्दिंग्टनच्या घरी त्याच दोरांत गुरफटून त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो ५५ वर्षांचा होता. बातम्यांत अपघात म्हटले गेले. ते तसेच होते का, यावर आजही लिहिले जाते. आपल्या दोन्ही शोधांचा पुढचा हिशेब त्याने पाहिला नाही.

पहिला हिशेब एका वेगळ्याच माणसाच्या हाती लागला. क्लेअर पॅटरसन हे शास्त्रज्ञ उल्केतले शिसे मोजून पृथ्वीचे वय काढत होते. त्यांनी ते काढलेही, सुमारे ४५५ कोटी वर्षे. पण प्रत्येक मोजणीत कुठून तरी जास्तीचे शिसे घुसे. ते कुठून येते हे शोधताना त्यांना कळले, की ते हवेत, धुळीत, माणसांच्या शरीरात, सगळीकडे आहे. १९६५ मध्ये त्यांनी हे जाहीर मांडले आणि उद्योगाचा रोष ओढवून घेतला. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासून दाखवले, की ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्ध्यंकाची आणि एकाग्रतेची कामगिरी कमी. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि ते दशकानुदशके तिथे बसते. मुलांसाठी सुरक्षित अशी शिशाची कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते.

तरी शिसे पेट्रोलमधून हलले ते आधी मुलांसाठी नव्हे, कन्व्हर्टरसाठी. १९७५ पासून अमेरिकी गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. त्यातल्या प्लॅटिनमसारख्या धातूंवर शिशाचा लेप बसला की तो निकामी होतो, ऑक्सिजन सेन्सरही मरतो. म्हणून शिसेविरहित पेट्रोल आणणे भाग पडले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, साल २०२१. इंजिनाचे ठोकणे थांबवायला आता चांगले शुद्धीकरण आणि इथेनॉल आहे, आणि पहारा द्यायला नॉक सेन्सर. त्याला ठोका ऐकू आला की संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. मिजलीचे १९१६ चे निदान त्या संगणकाच्या हिशेबात अजून जिवंत आहे.

गॅसचा हिशेब १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी केला. कोणाशीच न भांडणारा हा वायू पावसाने धुतला जात नाही की जमिनीवर कशानेही मोडत नाही. तो वर वर जातो. तिथे अतिनील किरण त्याला फोडतात आणि सुटलेला क्लोरिन ओझोन खाऊ लागतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे विवर जाहीर झाले आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. मिजलीला यासाठी दोषी धरता येईल असे मला वाटत नाही. ओझोनवरचा हा परिणाम तपासायचे साधन १९३० मध्ये कोणाकडेच नव्हते. शिशाबाबत मात्र साधन त्याच्या स्वतःच्या शरीरात होते.

१९९० च्या दशकात मोटारींत आर-१२ ऐवजी आर-१३४ए आला. त्यात क्लोरिन नाही. जुन्या गाडीत हा बदल करताना तेल बदलावे लागते, कारण आर-१२ बरोबरचे खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. दाब जास्त चढतो, म्हणून जुना कंडेन्सर अपुरा पडतो. बदल करूनही एसी गार नाही ही विंटेज गाडीवाल्यांची नेहमीची कुरकुर त्यातलीच. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे, म्हणून आता त्याचीही जागा दुसरे वायू घेत आहेत.

तेव्हा एसीसाठी गाडी गॅरेजला न्याल, तेव्हा आधी गळती शोधायला सांगा, आणि उरलेला गॅस हवेत सोडून न देता रिकव्हरी मशीनमध्ये ओढून घ्यायला सांगा. चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या मोटारीच्या नळीतून फुस्स झालेला आर-१२ अजून वर फिरतो आहे. त्याचे सरासरी आयुष्य सुमारे १०० वर्षांचे आहे. अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर १९८० च्या पातळीवर यायला साधारण २०६६ साल उजाडेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.